खांबकाकूचा रविवार

रविवार हा विसाव्याचा दिवस, असं आमचे हे, म्हणजे इथले पाळक, उभ्या गावाला सांगत आले. मला मात्र कधी सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता म्हणा. उपासनेला आलेल्या माणसांना चहा लागतो, चहाबरोबर पाव लागतो, चहाला पाणी लागतं आणि पाणी उताराखालच्या नळावरून भरून आणावं लागतं. शेवटचं आमेन झालं की मंडळी मांडीवर हात ठेवून निवांत बसायची आणि मी कप गोळा करत फिरायची. एकदा यांना म्हटलंही, "अहो, देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला ना, तेव्हा त्याच्याकडे चहाला कोणी येत नव्हतं." हे हसले. पोटभर हसले, पण कप काही उचलला नाही.

घरदार सोडून, समुद्र ओलांडून आम्ही या डोंगरातल्या गावात आलो तेव्हा आमची ठमी कडेवर होती. आता ती इथल्या पोरींसारखं बोलते आणि मलाच माझे उच्चार सुधारून देते. मिशननं आम्हाला घर दिलं ते म्हणजे पूर्वीचं लोकरीचं गोदाम. पुढची मोठी खोली प्रार्थनेची, मागच्या दोन आमच्या. पावसाळी हवा पडली की अजून भिंतींना मेंढरांचा वास येतो. ओसरीच्या खिडकीत माझा दवाखाना. मी नर्स आहे, पण इथे मला तसं कोणी म्हणत नाही, मलमवाली म्हणतात. नवीन नवीन राग यायचा. आता कोणी नर्सबाई म्हणून हाक मारली तर मी मागे वळून बघेन, दुसरी कोण आली म्हणून.

मंडळी म्हणाल तर मूठभर. लोहार आणि त्याची बायको, खालच्या आळीतल्या दोघी म्हाताऱ्या बहिणी आणि खांबकाकू. खांब हे गावानं ठेवलेलं नाव. बाई उंच, ताठ आणि एकदा जिथे उभी राहिली तिथून हलायची नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. वरच्या टेकाडावर तिचं गव्हाचं एक शेत आणि शेताच्या बांधाला घर. या गावात पहिला बाप्तिस्मा तिनं घेतला. घेताना आमच्या पाळकांना तिनं जितके प्रश्न विचारले, तितके यांना परीक्षेतही कोणी विचारले नसतील.

रविवारचाही तिनं विचारला होता. "काम करायचं नाही म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही," हे म्हणाले. तेव्हा नवीन होते, आवाजात जोर होता.

"बैलाला पाणी?"

"ते चालतं. मुक्या जिवाला पाजायलाच हवं."

"कापणीच्या दिवसांत?"

"कापणीच्या दिवसांतसुद्धा. काकू, एक दिवस देवावर टाकून तर बघा."

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "ठीक. दिला शब्द." आणि विषय संपला. तिच्याकडे विषय असेच संपतात.

आता इथली कापणी कशी होते ते सांगते. आपल्याकडे सावड करतात ना, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, तसलाच प्रकार, फक्त सगळ्या गावाचा मिळून. प्रत्येक घरातून एक माणूस यायचं. सगळ्यांनी मिळून एकेक शेत कापत जायचं. पाळी कोणाची कधी ते मुकादम ठरवतो. मुकादम म्हणजे खांबकाकूचा धाकटा दीर. ज्या घराचा खाडा पडेल ते घर मागे जातं. बास, एवढाच नियम. आणि सावड रविवारीही चालते, कारण पिकाला वार कळत नाही.

म्हणजे काकूचा दर रविवारी खाडा. ती दर वर्षी शेवटी जायची, पण त्यानं काही बिघडत नव्हतं. तिचं शेत उंचावर, तिथे थंडी जास्त, गहूच मुळी सगळ्यांच्या मागून पिकायचा. शेवटची पाळी तिला सोयीचीच होती. आमचे पाळक हे उदाहरण प्रवचनात द्यायचे. बघा, काकूंनी रविवार पाळला, त्यांचा एक दाणा तरी वाया गेला का? काकू खाली मान घालून ऐकायची. मलाही तेव्हा ते पटायचं.

यंदा ऊन असं तापलं की वरची काय न् खालची काय, सगळी शेतं एकदमच पिवळी झाली.

कापणीच्या दिवसांत माझ्या खिडकीला फुरसत नसते. विळ्यानं कापलेली बोटं, उन्हानं सोललेल्या माना, कुसळ गेलेले डोळे. एका संध्याकाळी खांबकाकू आली. तिच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या. तिनं उजवा हात पुढे केला, डावी मूठ मिटलेलीच ठेवली.

"तो हात दाखवा," मी म्हटलं.

तिनं मूठ उघडली. आत गव्हाचे दाणे होते.

"झडायला लागलाय," ती म्हणाली. "सकाळी ओंबीला नुसता हात लावला तर एवढे हातात आले."

"पाळी कधी आहे?"

"शेवटी."

"आणि शेवट कधी?"

"वारा सुटल्यावर," ती म्हणाली, आणि मलम लावायला दुसरा तळवाही पुढे केला. दाणे मात्र तिनं आधी खिशात टाकले.

मी हे यांना सांगितलं. यांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी मला मुकादमाच्या अंगठ्याची पट्टी बदलायची होती, तर हे म्हणाले, मीही येतो. मुकादम अंगणात बसून दगडावर विळे परजत होता. मला त्यानं स्टूल दिलं. यांना दिलं नाही. हे उभे राहिले, आधी या पायावर, मग त्या पायावर.

"तुमच्या भावजयीच्या शेताचं बोलायला आलो होतो," हे म्हणाले.

"बोला की."

"गहू झडतोय त्यांचा."

"सगळ्यांचाच झडतोय, पाळक. यंदा सूर्यानं नंबर लावलेला नाही."

"पण त्या रोज येतात सावडीला. एक रविवार सोडला तर..."

"एक रविवार सोडला तर!" मुकादमानं विळा खाली ठेवला. "तिचं बघून आता आणखी दोघं रविवारी दांडी मारायला लागलेत. देवाधर्माचं नाव नाही, ताणून झोपतात घरी. माणसं विचारतात, ती तुझी भावजय म्हणून चालतं का? मी तिला वर काढलं तर उद्या माझं ऐकेल कोण?"

मुद्दा बिनतोड होता. वाईट वाटलं ते त्याचंच. माणूस लबाड असता तर मी भांडले असते, आणि भांडण मला जमतं.

"मी एखादा दिवस येतो त्यांच्या वतीनं," हे म्हणाले. "शनिवारी. सोमवारी."

"शनिवारी मला माणसांचा तुटवडा नाही. मला रविवारचा हात हवाय. येत्या रविवारी तिच्या घरचं माणूस आलं तर सोमवारी सगळी सावड तिच्या शेतात. चार माणसांसमोर सांगतो हे."

"त्या येणार नाहीत."

"घरचं एक माणूस, एवढंच म्हटलंय मी. कोण ते सावड विचारत नाही. खालच्या आळीतल्या एका घरून जावई येतो, चालतो. पण तिला ना जावई ना पोरगा." त्यानं अंगठा माझ्यापुढे धरला. "आणि नाहीच आली, तर उरेल ते उरेल. हिवाळ्यात माझ्याकडे येऊन राहील. चुलीमागची खोली रिकामी आहे. शेत मी कसेन. भावाचंच आहे, परक्याचं नाही."

तो हे अगदी सहज बोलला. पाहुणीला खोली द्यावी तसं. मी पट्टी बांधताना गाठ जरा जास्तच आवळली, तर ओरडला मेला.

परतीच्या वाटेवर हे माझ्यापुढे भराभर चालत होते. घराकडे वळायच्या फाट्यावर मात्र टेकाडाकडे चालू लागले. मी पिशवी सांभाळत मागे. काकू दारात बसून विळ्याची मूठ घट्ट करत होती. तिनं आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं. दारातून तिचं शेत दिसत होतं. इतकं पिकलेलं की वाऱ्याची साधी झुळूक आली तरी त्यातून कोरडा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की काकूचा हात थांबायचा.

"काकू," यांनी सुरुवात केली. "देव काही इतका कठोर नाही. अडचणीला वाट असते. येत्या रविवारी तुम्ही सावडीला जा. मी सांगतो, जा."

काकूनं विळा मांडीवर ठेवला. "मग तेव्हा कोण बोलत होतं?"

"कधी?"

"मी विचारलं होतं, कापणीच्या दिवसांत? तुम्ही म्हणालात, कापणीच्या दिवसांतसुद्धा."

"तेव्हा मला... मला इथली सावड ठाऊक नव्हती."

"देवाला ठाऊक होती ना?"

यांनी पाण्याचा पेला बाकावर ठेवला.

"मी शब्द तुम्हाला नाही दिला, पाळक," काकू म्हणाली. रागानं नाही, समजावून सांगावं तशी. "तुम्हाला दिला असता तर तुम्ही परत केला असता, मी घेतला असता. ज्याला दिला तो काही सांगायला आला नाही. तुम्ही आज एक सांगता, तेव्हा दुसरं सांगितलंत. यातलं खरं कुठलं ते मी कसं ठरवायचं? मला आपलं पहिलं ठाऊक."

"आणि शेत गेलं तर?"

"तर चुलीमागे राहीन." तिनं लगेच मूठ ठोकायला घेतली. "दिराची बायको चांगली आहे. उठता बसता ऐकवेल, पण जेवायला घालेल."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कशाला लपवायचं? यांच्याकडे बघितलं तर चेहरा पांढराफटक. वीस जणांसमोर कोणी टोपी उडवली असती तरी या माणसाला एवढं लागलं नसतं. उतरताना मी म्हटलं, "प्रवचनात उदाहरणं देत होतात ना, एक दाणा वाया गेला का म्हणून? द्या आता."

बोलले आणि वाटलं, कशाला बोलले. पण तोंडातून सुटलेला शब्द आणि हातातून सांडलेलं पीठ, दोन्ही जसंच्या तसं भरता येत नाही.

त्या आठवड्यात हे धड जेवले नाहीत. टेबलाशी बसायचे, पुस्तक उघडायचे, मिटायचे. एक दिवस नळावरून येताना बघते तर घरामागच्या माळावर हे वाकून गवत कापतायत. विळा लोहाराकडून आणलेला. कापणं कसलं, गवताचे केस ओढल्यासारखं चाललं होतं. ठमी कुंपणावर बसून हसून हसून लाल झाली होती.

"अहो, गवत कोणाला? आपल्याकडे ना गाय ना शेळी."

"वाढलंय फार," हे म्हणाले.

"तुमच्या डोक्यात काय शिजतंय?"

"काही नाही."

काही नाही म्हणणाऱ्या नवऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे माझ्या आईनं मला लग्नातच सांगितलं होतं. पण माणूस पहिल्यांदाच घराभोवतालचं गवत कापत होता, म्हटलं कशाला अडवा.

रविवारी सकाळी मी चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि यांचा पांढरा झगा झटकायला घेतला. हे आतल्या खोलीतून आले ते जुनी विजार घालून, डोक्याला फडकं बांधून. हातात विळा.

मला समजायला वेळ लागला नाही. "मी जाते," मी म्हटलं. "माझा रविवार असाही कामातच जातो. आणि मला थोडंफार येतं तरी. माहेरी केलंय."

"नाही. बोललो मी, भरणार मी."

"आणि उपासना?"

"तू घे. ठमी वाचून दाखवेल. गाणी सगळ्यांना येतात." मग दाराशी जाऊन थांबले. "काकूचा रविवार मोडायचा नाही. माझा मोडला तर मोडू दे. त्याचं देवाशी काय ते मी बघतो."

इतक्या वर्षांत मला या माणसाचा राग पुष्कळदा आला, कीव आली, कौतुकही कधीमधी वाटलं. त्या दिवशी वाटलं, आपण याच्याबरोबर समुद्र ओलांडला ते काही चुकलं नाही. पण असलं तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही. "पाणी न्या बरोबर," एवढंच म्हटलं.

मी घंटा वाजवली. मंडळी आली, बसली. यांच्या जागी मी उभी राहिले तर लोहार इकडेतिकडे बघायला लागला. पहिलं गाणं झालं, ठमीनं वाचलं. प्रवचन मला कुठलं येतंय? मी म्हटलं, आता आपण गप्प बसून प्रार्थना करू. तर त्या शांततेत खांबकाकूनं विचारलं, "पाळक आजारी आहेत का?"

"नाही."

"मग कुठायत?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. "सावडीला गेलेत," मी म्हटलं. "तुमच्या घरचं माणूस म्हणून."

मग लोहार उठला. "रविवारी? पाळक? विळा घेऊन?" त्यानं टोपी उचलली. "माझ्या भात्याला मी रविवारी कधी हात लावला नाही. गिऱ्हाईकं परत पाठवली. आणि त्यानं माझ्याकडून विळा नेला तो यासाठी?" मी म्हटलं, बसा, सांगते. पण तो बायकोला घेऊन निघून गेला. त्याला शेत नव्हतं, त्यामुळे त्याचा रविवार त्याला तसा स्वस्तात पडत होता, असं मनात आलं. पण त्याचं दुखणं खोटं नव्हतं. दार त्यानं हळूच लावलं, आपटलं नाही.

काकू उठून खिडकीशी गेली. आमच्या खिडकीतून खालची शेतं दिसतात. कापणाऱ्यांची रांग एका बांधावरून निघून निम्म्या शेतात पोचली होती आणि त्या रांगेच्या पार मागे एक माणूस एकटा वाकला होता. काकू बघत राहिली. मी शेवटची प्रार्थना तशीच म्हटली. ती वळली नाही, पण आमेन म्हणाली.

कप तसेच टाकून मी डबा, पाणी आणि मलमाची पेटी घेऊन खाली धावले. जाऊन बघते तर गंमत चालली होती. मुकादमानं आधी यांना घ्यायलाच नकार दिला होता म्हणे. पाद्र्याचं घर वेगळं, भावजयीचं वेगळं. तर हे म्हणाले, "घरचं माणूस कोण ते सावड विचारत नाही, असं चार माणसांसमोर म्हणणार होतात ना? ही बघा चार माणसं." लोक हसले. मुकादमही हसला, पण अडकला. म्हणाला, "ठीक. दिवेलागणीपर्यंत टिकलात तर काकूचा खाडा भरला. मध्ये बसलात तर नाही भरला."

आणि यांना पट्टा दिला तो बांधाकडचा, दगडांचा, काट्यांचा.

एक पोरगी विचारत होती, पाळककाका, गहू कापताय की हजामत करताय? एका म्हाताऱ्यानं पेंढी कशी बांधायची ते दाखवलं. यांनी बांधलेली पेंढी उचलली की सुटायची, पुन्हा हशा. यांच्या डाव्या हाताच्या बोटातून रक्त येत होतं आणि उजव्या तळव्याला फोड येऊन फुटले होते. मी पट्टी बांधायला लागले, तर हे खाली बसेनात. उभ्या उभ्याच हात पुढे केला.

"बसा की दोन मिनिटं!"

"बसलो तर भरणार नाही."

"अहो, जेवायला सगळेच बसलेत."

"त्यांचा खाडा नाहीये," हे म्हणाले. पाव उभ्यानं खाल्ला. पाणी माझ्या हातून प्यायले. मी मुकादमाकडे बघितलं. तो पलीकडे बघत जेवत होता.

दुपारनंतर हशा कमी झाला. माणूस दमून कोसळला तर हसता येतं, न कोसळता राहिला तर थोड्या वेळानं हसणाऱ्यालाच अवघडतं. ज्या म्हाताऱ्यानं पेंढी दाखवली तो आपला पट्टा संपवून मुकाट्यानं यांच्या पट्ट्यात दुसऱ्या टोकानं शिरला. मुकादमानं ते बघितलं आणि काही बोलला नाही.

उजेड सरत आला तेव्हा मुकादम यांच्यापाशी आला. यांना कंबर सरळ करता येत नव्हती. वाकलेलेच उभे होते. त्यानं यांच्या हातातून विळा घेतला. बोटं मुठीला चिकटली होती, एकेक सोडवावी लागली.

"उद्या टेकाडावर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग हळू आवाजात यांना, "तुम्ही येऊ नका. कामाचा खोळंबा होतो."

सोमवारी सूर्य उगवायच्या आत सगळी सावड काकूच्या शेतात होती. काकू सगळ्यांच्या पुढे. मी दवाखान्याच्या खिडकीतून तिची ती उंच पाठ वाकताना आणि सरळ होताना बघत होते. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. दारं खिडक्या आपटायला लागल्या, डोळ्यांत धूळ. तोवर तिच्या पेंढ्या खळ्यावर पोचल्या होत्या आणि मुकादम स्वतः त्यांच्यावर दगड ठेवत होता. थोडा गहू झडलाच. पण हिवाळा निघेल इतका घरात आला. चुलीमागची खोली रिकामीच राहिली.

तीन दिवस हे अंथरुणाला खिळले. चमचा धरता येईना. ठमी भरवायची आणि प्रत्येक घासाला विचारायची, गहू की हजामत? हे हसायचे आणि हसलं की पाठ दुखायची. मिशनला काय कळवायचं, असं मी विचारलं. हे म्हणाले, जे झालं ते.

पुढच्या रविवारी लोहाराचा बाक रिकामा होता. हे त्या बाकाकडे सारखे बघत होते. भट्टीवर दोनदा जाऊन आले होते. त्यानं बसवून घेतलं, पाणी दिलं, पण येतो म्हणाला नाही. हातांना पट्ट्या असल्यामुळे यांना पुस्तकाचं पान उलटता येत नव्हतं, ते ठमीनं उलटलं. प्रवचन लहानसंच होतं. रविवारचा त्यात उल्लेख नव्हता आणि उदाहरण कुठलंच नव्हतं. शेवटी आशीर्वादाला त्यांनी ते गाठोड्यासारखे हात वर केले. खांबकाकू डोळे मिटायचे सोडून त्या हातांकडे बघत राहिली.

मग मी चहा दिला. दोघी म्हाताऱ्या बहिणी पावाचे तुकडे बुडवून खात बसल्या. आज कप कमी होते. मी ते गोळा केले, मागल्या दारी पाण्याच्या टोपात घातले आणि बाही सरसावली, तर मागून कोणीतरी माझं मनगट धरलं.

खांबकाकू होती. तिनं मला बाजूला केलं आणि टोपापुढे बसली.

"अहो काकू, हे काय? आज रविवार आहे!"

"ठाऊक आहे."

"मग? शब्द दिलाय ना तुम्ही?"

तिनं पहिला कप उचलला, आतून बोट फिरवून घासला, पाण्यात बुडवला. भेगांना पाण्यातला सोडा झोंबत असणार, पण तोंड वाकडं केलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

"माझा रविवार तुझ्या नवऱ्यानं उचलला," ती म्हणाली. "तुझा कोण उचलणार होतं? बस तिथे."

"पण देवाला..."

"त्याचं काय ते मी बघते. बस म्हटलं ना."

मी उंबऱ्यावर बसले. आत हे कोणाशी तरी बोलत होते, ठमी हसत होती. काकू कप धूत होती आणि एकेक उपडा घालत होती. मला हातांचं काय करावं कळेना. मग मी ते मांडीवर ठेवले.